बॅरेट कुटुंबाचा बास आणि वेलर्सचा वारसा : पार्श्वभूमी

बॉब मार्ली या जमैकन गायकाच्या वेलर्स या रेगे बँडची सूत्रं आता ॲस्टन बॅरेट ज्युनियरकडे आहेत. त्याचे वडील ॲस्टन, म्हणजे ‘फॅमिली मॅन’, बास (खालच्या सुरांची गिटार) वाजवायचे आणि काका कार्लटन ड्रम्स. मार्लीची १९७० च्या दशकातली जी गाणी जगभर पोचली, त्यांतल्या बहुतेकांचा पाया या दोघा भावांचा आहे. मार्लीच्या मुलांना गाण्यांच्या हक्कांतला वाटा मिळाला, वडिलांचं आडनावही मिळालं. बॅरेटांच्या पुढच्या पिढीकडे आली ती वाजवण्याची पद्धत आणि बँडचं नाव. हा फरक का पडला, ते पाहायचं तर आधी ही पद्धत काय आहे ते नीट समजून घ्यावं लागतं.

चार मात्रांचा ठेका धरा. रॉकमध्ये पहिल्या मात्रेवर किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, जोरात पडतो. ‘वन ड्रॉप’ या रेगेच्या ठेक्यात पहिली मात्रा रिकामी असते. किक आणि स्नेअरच्या (काठीने वाजवायच्या चपट्या ड्रमच्या) कडेवर आडवी मारलेली काठी, दोन्ही एकदम तिसऱ्या मात्रेवर येतात. गिटारचा तुटक ‘स्कँक’ दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, ऑर्गनचा ‘बबल’ त्यांच्या मधल्या जागांत. बासची ओळ दोन किंवा चार आवर्तनांची ठरलेली चाल असते आणि गाणं संपेपर्यंत ती जवळजवळ बदलत नाही. तिच्यातल्या रिकाम्या जागाही ठरलेल्या असतात. फॅमिली मॅनच्या कितीतरी ओळी पहिल्या मात्रेला हात न लावता सुरू होतात.

आवाजाचं गणितही वेगळं आहे. बासला गुळगुळीत वेटोळ्यांच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा. उजवा हात ब्रिजपासून (तारा जिथे अडकवतात त्या टोकापासून) दूर, बासच्या मानेच्या जवळ. तार नखाने नाही, बोटाच्या मांसल भागाने ओढायची आणि ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, जवळजवळ बंद ठेवायचा. डाव्या हाताने सूर वेळेवर दाबून तोडायचा, कारण सूर लांबला की पुढची शांतता भरून जाते आणि ठेका जड होतो. नव्या वादकांचं बिघडतं ते इथेच. राउंडवाउंड, म्हणजे खरबरीत वेटोळ्यांच्या, तारांचा झणझणीत आवाज स्कँकच्या पट्टीत घुसतो, रिकामी पहिली मात्रा सहन होत नाही म्हणून तिथे एक सूर टाकला जातो, आणि दोन कडवी होईपर्यंत त्या रेगेचं साधं पॉप झालेलं असतं. मंचावरचा ध्वनितंत्रज्ञ रॉकला सरावलेला असेल तर तो सगळ्यात खालची पट्टी किकला देतो आणि बासचा ८० हर्ट्झखालचा भाग कापतो. बासची उघडी ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, म्हणजे गाण्याची मुख्य चालच कापली जाते. रेगेत ती जागा बासची असते आणि किक तिच्या थोडं वर बसवावा लागतो.

कार्लटनची खूण म्हणजे उंच सुरात ताणलेला स्नेअर आणि हाय-हॅटवरची, म्हणजे झांजांच्या जोडीवरची, तिप्पट लयीतली झुलती नक्षी. ‘एक्सोडस’सारख्या गाण्यात त्याने प्रत्येक मात्रेवर किक देणारा ‘स्टेपर्स’ ठेकाही वापरला. १९८७ मध्ये किंग्स्टनमध्ये त्याची हत्या झाली, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. पुढच्या पिढीला त्याचे ड्रम्स टेपवरूनच शिकावे लागले. टेपवर हाय-हॅट मिश्रणात मागे असतो, त्यामुळे ऐकून उचलणारे तो सरळ आठाच्या हिशेबाने, म्हणजे मात्रेचे दोन सारखे भाग करून, वाजवतात आणि ठेका ताठर होतो. ज्युनियर बासही वाजवतो आणि ड्रम्सही. दोन्ही वाद्यं मिळून एकच ओळ होते, हे ज्या घरात गृहीत धरलेलं होतं तिथून तो आला, आणि त्याच्या वाजवण्यात ते ऐकू येतं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. ॲस्टनचा जन्म १९४६ चा, किंग्स्टनचा. पहिला बास त्याने प्लायवूड, लाकडी पट्टी आणि पडद्याची तार वापरून घरीच बनवला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे भाऊ स्टुडिओत साथीला वाजवत होते. तेव्हाच्या जमैकन रिवाजाप्रमाणे वादकाला गाण्यामागे ठरावीक रक्कम मिळायची आणि टेप निर्मात्याची व्हायची. १९६९ च्या ‘लिक्विडेटर’ या वाद्यगीतात या भावांनी वाजवलं. ते ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेलं. त्याच्या सुरुवातीचा तुकडा १९७२ मध्ये एका अमेरिकन गॉस्पेल-सोल गाण्याचा कणा बनला आणि ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढे जे सगळं घडलं त्याची चुणूक इथेच दिसते.

आता गाण्यांच्या हक्कांच्या वादाकडे.

१९७३ ते १९७६ या काळात मार्ली एका संगीत-प्रकाशन कंपनीशी, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीशी, बांधलेला होता. त्याने लिहिलेल्या गाण्यांचे हक्क करारानुसार तिच्याकडे जायचे. ते टाळण्यासाठी या काळातली अनेक गाणी मित्रांच्या आणि वादकांच्या नावावर नोंदवली गेली. ‘नो वुमन, नो क्राय’ किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीतल्या एका जुन्या मित्राच्या नावावर आहे, ते याच काळातलं. ‘हू द कॅप फिट’वर दोन्ही बॅरेटांची नावं आहेत, ‘रिबेल म्युझिक’वर ॲस्टनचं आणि ‘वॉर’वर कार्लटनचं, दोन्हीकडे आणखी एकेका नावाबरोबर. एरवी रेकॉर्डच्या लेबलवरचं नाव हा लेखकाच्या बाजूचा सगळ्यात सोपा पुरावा. इथे तोच सगळ्यात कमकुवत झाला, कारण कोणतं नाव खरं आणि कोणतं सोयीचं, हे लेबल पाहून सांगता येत नाही.

मार्ली १९८१ मध्ये मृत्युपत्र न करता गेला. वारसांमधल्या भांडणाबद्दल पुष्कळ छापून आलेलं आहे. वादकांचे हक्क मात्र त्या भांडणात कडेलाच राहिले. १९९४ मध्ये ॲस्टनने मागचे दावे मिटवण्याच्या तडजोडीवर सही केली आणि काही लाख डॉलरच्या रकमेवर ते प्रकरण बंद झालं. पुढे त्याने लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या १९७० च्या दशकातल्या करारांनुसार रॉयल्टीतला वाटा आणि काही गाण्यांचं लेखकत्व, असा तो दुहेरी होता. मागणीचा आकडा तेव्हा ६ कोटी पौंड म्हणून छापून आला. मे २००६ मध्ये दावा फेटाळला गेला. १९९४ ची तडजोड बंधनकारक ठरली, लेखकत्वाचा दावाही मान्य झाला नाही.

या निकालाबद्दल दोन गोष्टी सहसा एकत्र कालवल्या जातात, त्या वेगळ्या करायला हव्यात. इतकी वर्षं गेली म्हणून हक्क बुडाला, असं सरसकट म्हटलं जातं. पण २००९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, १९६७ च्या एका प्रसिद्ध गाण्यातल्या ऑर्गनवादकाला, जवळजवळ चार दशकांनी केलेल्या दाव्यावर, संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा कायम केला. त्याची ऑर्गनवरची धून गाण्याचा भाग मानली गेली. म्हणजे वाद्यावर रचलेली ओळ लेखकत्वात मोजता येते आणि नुसत्या उशिराने ती बाद होत नाही. त्या ऑर्गनवादकाने आधी कुठल्याही तडजोडीवर सही केलेली नव्हती. बॅरेटला सगळ्यात महाग पडली ती १९९४ ची सही.

दुसरी गोष्ट म्हणजे बासची ओळ ‘रचना’ की ‘साथ’. शब्द आणि गायनाची चाल म्हणजे गाणं, बाकी सगळी सजावट, ही समजूत छापील स्वरलिपीच्या काळातली आहे. रेगेला ती लागू होत नाही. गायकाची चाल काढून टाकली तरी जाणकार ही गाणी बासच्या दोन आवर्तनांत ओळखतात. जमैकात तर त्याच ओळीवर वेगवेगळे गायक नवी गाणी रचतात. जी गोष्ट गाण्याची ओळख आहे तिला साथ म्हणणं मला पटत नाही. कायद्याची अडचण खरी आहे, कारण स्टुडिओत कोणी काय सुचवलं याची नोंद कोणी ठेवत नसे. पण ज्याच्याकडे कागद होता त्याचंच ऐकलं गेलं, हेही तितकंच खरं.

२०१४ मध्ये याच गोंधळाची उलटी बाजू लंडनमध्ये समोर आली. जुन्या प्रकाशकाच्या बाजूने १३ गाण्यांवर हक्क सांगितला गेला. म्हणणं असं की लेबलवरची नावं खोटी होती, गाणी मार्लीचीच, म्हणून आमची. नावं मुद्दाम बदलली गेली होती यावर तिथे वाद राहिला नाही. तरी प्रकाशक हरला, कारण १९९२ च्या करारात त्या गाण्यांचे हक्क आधीच दुसऱ्या कंपनीकडे गेले होते. २०१५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. दोन्ही खटल्यांत निर्णायक ठरला तो १९९० च्या दशकातला करार. १९७४ मध्ये स्टुडिओत काय घडलं, हे मागेच राहिलं.

ॲस्टन थोरले हळूहळू मंचावरून बाजूला झाले आणि मुलगा पुढे आला. २०२० चा ‘वन वर्ल्ड’ आणि २०२४ चा ‘इव्हॉल्यूशन’, या दोन्ही आल्बमना ग्रॅमीचं नामांकन मिळालं. नवं साहित्य करण्यामागे साधा हिशेबही आहे. जुनी गाणी मंचावर वाजवली की वादनाचं मानधन बँडला मिळतं, पण सार्वजनिक सादरीकरणाची रॉयल्टी नोंदलेल्या लेखकाकडे आणि प्रकाशकाकडे जाते. नव्या गाण्यात बासची ओळ रचणाऱ्याचं नाव पहिल्या दिवसापासून नोंदवता येतं.

फॅमिली मॅन ३ फेब्रुवारी २०२४ रोजी गेले, ७७ व्या वर्षी. मार्लीवरचा चरित्रपट त्यानंतर ११ दिवसांनी प्रदर्शित झाला. त्यात वडिलांची भूमिका ज्युनियरनेच केली आहे.