माथेरानची वाहनबंदी

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान या थंड हवेच्या ठिकाणी मोटारवाहनांना असलेली मनाई. पर्यटनाच्या गावाचे गावपण राखण्याचा महाराष्ट्रातील हा सर्वांत जुना आणि अजून टिकून असलेला प्रयोग म्हणता येईल. नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किमी. अंतर पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकातून मिनी ट्रेनने कापायचे. रुग्णवाहिका व अग्निशमन बंब यांना सूट आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथे आले आणि माथेरानचा ‘शोध’ त्यांच्या नावे लागला. डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर, धनगर, कातकरी यांच्या वाड्या होत्याच. त्यामुळे मॅलेट यांना फार तर इंग्रजी वस्तीचे संस्थापक म्हणावे. मुंबईचे उद्योजक आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. मोटारींचा जमाना येण्याआधीच गाव रेल्वेने जोडले गेले आणि त्याची मांडणी पायी चालणाऱ्यांच्या बेताने झाली. सुमारे ८०० मी. उंचीवरच्या या पठारावर जांभूळ, हिरडा, अंजन यांची सावली रस्त्यावर धरलेली असते आणि फांद्यांवर शेकरू दिसतो. कर्कश हॉर्न नसल्याने पाखरांचे आवाज भर बाजारातही कानावर येतात.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणीय संवेदनक्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यामुळे वाहनबंदीला केंद्रीय अधिसूचनेचे बळ मिळाले आणि बांधकाम, वृक्षतोड, खाणकाम यांवरही निर्बंध आले.

मोटार नाही म्हणून झीज नाही, असे मात्र नाही. जांभ्यावरची तांबडी माती घोड्यांच्या टापांनी सैल होते, उन्हाळ्यात तिचा धुरळा उडतो आणि पावसाळ्यात ती पाण्याबरोबर दरीत जाते. कित्येक ठिकाणी झाडांची मुळे उघडी पडली आहेत. धूप रोखण्यासाठी रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवावेत की माती तशीच ठेवावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या व्यवस्थेचा खरा भार माणसांच्या खांद्यावर आहे. सिलिंडर, भाजी, सिमेंट, पर्यटकांच्या बॅगा, सगळे हमाल, घोडेवाले आणि हातगाडीवाले वाहून नेतात. माणसाने ओढायची हातरिक्षा सहसा तिघे चालवत: एक पुढे दांड्यांत, दोघे मागे. चढाला मागचे दोघे ढकलत, उताराला तेच गाडी मागे ओढून धरत. आत बसलेल्याला निवांत वाटणारा हा प्रवास ओढणाऱ्याच्या गुडघ्यांवर आणि छातीवर होई. गावाची शांतता राखायची आणि तिची किंमत गावातल्या सर्वांत गरीब माणसाने मोजायची, हे पर्यावरणरक्षण अर्धवटच ठरते. स्थानिक हातरिक्षाचालकांनी ई-रिक्षांची मागणी न्यायालयात नेली ती याच कारणाने. घोडेवाल्यांचा तिला विरोध राहिला, आणि त्यांची रोजीरोटीची धास्तीही खोटी नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवली आणि हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. पेव्हर ब्लॉकना दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच मुख्य रस्त्यावर मुभा मिळाली. आतले रस्ते व पायवाटा त्यातून वगळल्या. ई-रिक्षा देताना पहिला हक्क खऱ्या हातरिक्षाचालकांचा, असेही न्यायालयाने बजावले.