गचकरणाच्या गोळ्यांआधी रक्त का तपासतात?

"खाज जांघेत, आणि रक्त काढणार हाताचं?" जळगाव-भुसावळकडच्या दवाखान्यांत हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. चट्ट्याचा आणि एसजीपीटीचा, म्हणजे यकृताला इजा झाली का ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, संबंध त्याला कुणी समजावूनच दिलेला नसतो. संबंध मात्र आहे. या गोळ्यांसोबत मिळणाऱ्या बहुतेक सूचना कुणाला तरी त्रास झाल्यानंतर, एकेक करून आलेल्या आहेत.

गचकरण म्हणजे गजकर्ण, कातडीला लागणारी बुरशी. खानदेशाला हा आजार नवा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि कमरेचा घाम दिवसभर वाळत नाही. रावेर-यावलच्या केळीबागांत बारमाही ओल असते. पावसाळ्यात चिखलात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. घरात टॉवेल एकच असला की एकाचं गचकरण चौघांना होतं. औषधही बांधावरच उगवायचं. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हणतात. दद्रू म्हणजे गजकर्ण, आणि दद्रुघ्न म्हणजे त्याचा नाश करणारा. त्याचं बी वाटून लावायची रीत जुनी आहे. विसाव्या शतकात दवाखान्यांत बेन्झॉइक आणि सॅलिसिलिक आम्लाचं व्हिटफिल्डचं मलम आलं. तेही वरूनच लावायचं.

वरून लावलेलं औषध केसाच्या मुळात आणि नखाच्या खाली नीट पोहोचत नाही. त्यामुळे डोक्यातल्या गजकर्णावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ साबुरो यांनी क्ष-किरणांनी केस गाळण्याची पद्धत रूढ केली. अनेक देशांत हजारो मुलांवर ती वापरली गेली आणि त्यांतल्या काहींना पुढे मोठेपणी डोक्यात आणि मानेत गाठी झाल्या. नखाला बुरशी लागली तर नखच काढून टाकत. पोटातून घ्यायच्या औषधाची एवढी वाट का पाहिली जात होती, ते यावरून कळतं.

ते औषध सापडलं १९३९ मध्ये, लंडनमध्ये. हॅरॉल्ड रेस्ट्रिक आणि सहकाऱ्यांनी पेनिसिलिन ज्या बुरशीपासून मिळतं त्या पेनिसिलियमच्याच एका जातीपासून ग्रिसिओफल्विन वेगळं केलं. जिवाणूंवर त्याचा असर नव्हता, म्हणून ते बाजूला पडलं. काही वर्षांनी ब्रिटनमध्येच दुसऱ्या एका गटाला बुरशीचे तंतू पिळवटून टाकणारा एक पदार्थ मिळाला, आणि तो हाच निघाला. तरी बराच काळ त्याचा विचार पिकांवरच्या रोगांपुरताच होत राहिला. शेवटी १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गजकर्ण झालेल्या गिनीपिगांना ते तोंडावाटे दिलं आणि गजकर्ण बरं झालं. काही महिन्यांतच माणसांवरही गुण दिसला.

आजच्या दोन सूचनांचं मूळ याच औषधात आहे. ग्रिसिओफल्विन तेला-तुपाच्या जेवणासोबत चांगलं शोषलं जातं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. दुसरं असं की ते बुरशीला जागेवर मारून टाकत नाही. नव्याने तयार होणाऱ्या कातडीत, केसात आणि नखात ते उतरतं आणि तिथे बुरशीला वाढू देत नाही. जुना, बाधित भाग झडून जाईपर्यंत गोळी घ्यावीच लागते. पायाच्या नखासाठी हे वर्षभर किंवा त्याहून जास्त चालायचं. 'खाज थांबली तरी गोळ्या थांबवू नका' हे सांगणं तिथपासूनचं आहे.

रक्ततपासणी आली ती पुढच्या औषधाने. १९८१ मध्ये अमेरिकेत किटोकोनाझोलच्या गोळीला परवानगी मिळाली. सुरुवातीला तिचं कौतुक झालं, पण लवकरच यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. त्यात टर्फेनाडिनची भर पडली. ही ॲलर्जीची, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'खाजेची', गोळी होती. किटोकोनाझोलमुळे तिचं विघटन अडायचं, ती रक्तात साचायची आणि हृदयाचे ठोके जीवघेण्या पद्धतीने बिघडायचे. खाजेवर या दोन्ही गोळ्या एकत्र देणं किती साहजिक वाटलं असेल, याचा विचार करून अजूनही काटा येतो. टर्फेनाडिन बाजारातून गेलं. जुलै २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी किटोकोनाझोलच्या गोळ्यांची परवानगी स्थगित करायची शिफारस केली, आणि अमेरिकेने त्या त्वचेच्या व नखांच्या बुरशीसाठी वापरू नयेत असं सांगितलं. शांपू आणि मलम यांचा त्याच्याशी संबंध नाही.

तोवर आजची औषधं आली होती. फ्लुकोनाझोल आणि इट्राकोनाझोल ही किटोकोनाझोलच्याच घराण्यातली. टर्बिनाफिन वेगळं. व्हिएन्नात सॅन्डोझच्या प्रयोगशाळेत १९७४ मध्ये मेंदूवरच्या औषधांचा शोध चालू असताना त्याचा पूर्वज, नाफ्टिफिन, योगायोगाने हाती लागला. टर्बिनाफिन बुरशीला मारतं, त्यामुळे नखाचं वर्षभराचं काम हाताच्या नखाला ६ आणि पायाच्या नखाला १२ आठवड्यांवर आलं. पण २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन्हींबद्दल इशारा दिला: टर्बिनाफिन आणि इट्राकोनाझोलने क्वचित यकृत निकामी होऊ शकतं, आणि इट्राकोनाझोलने हृदयाची ताकद कमी होऊ शकते. त्याच इशाऱ्यात नखाचा तुकडा तपासून बुरशी असल्याची खात्री करा, असंही सांगितलं होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते. बाकीच्यांत सोरायसिस असतो, ठेच लागलेली असते किंवा चपलेचा दाब असतो. त्यांना तीन महिने गोळ्या देऊन फक्त यकृतावर ताण येतो.

आपल्याकडे मात्र खरी अडचण चिठ्ठीवरच्या शेजारच्या गोळ्यांची असते. 'गॅसची गोळी' तर जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत असते. इट्राकोनाझोलची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल नेमकं तेच कमी करतात. महाग कॅप्सूल जवळपास वाया जाते, आणि माणूस म्हणतो औषध लागू पडलं नाही. ती कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायची असते. साखरेसाठी ग्लिमेपिराइड चालू असेल आणि वर फ्लुकोनाझोल आलं, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन इट्राकोनाझोलसोबत चालत नाही. टीबीची रिफाम्पिसिन उलट काम करते, बुरशीचं औषध शरीरातून झपाट्याने संपवते. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओतावीत. नावं आठवत बसू नये.

गेल्या दहा-बारा वर्षांत हे सगळं जास्त गंभीर झालं आहे. मेडिकलवर मिळणाऱ्या स्टिरॉइडमिश्रित ट्यूबने खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा मात्र आतून पसरत राहतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी 'ती पांढरी ट्यूब द्या' हे मागणं थांबलेलं नाही. २०२० मध्ये भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. पूर्वी दोन-चार आठवड्यांत आटोपणाऱ्या गचकरणाला आता कित्येकदा दोन-तीन महिने गोळ्या लागतात. गोळ्या जितके दिवस जास्त, तितकी तपासणी महत्त्वाची. आधी कावीळ झालेल्याने किंवा दारू घेणाऱ्याने ते लपवू नये. गरोदर बाईने, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तिने, ते आधी सांगावं. तिच्यासाठी या गोळ्या सहसा पुढे ढकलतात.

गोळ्या चालू असताना भूक मेली, मळमळ होत राहिली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जायचं. आपल्याकडे अशा वेळी कावीळ उतरवणाऱ्याकडे आधी नेतात आणि गोळीही चालूच राहते. त्या दोन-चार दिवसांत यकृताचं जास्त नुकसान होऊ शकतं. टर्बिनाफिनने कधी तोंडाची चवही जाते. भरीतसुद्धा बेचव लागायला लागलं तर तेही सांगावं.

नखांच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार दिसतो. बारा आठवडे संपतात, नख अजून पिवळंच असतं, आणि माणूस स्वतःच्या मनाने पुन्हा पाकीट आणतो. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, आणि टर्बिनाफिन गोळ्या थांबल्यावरही काही महिने नखात टिकून असतं. तेव्हा बघायचं ते नखाच्या मुळाशी. तिथून स्वच्छ, गुलाबी पट्टी वर सरकत असेल तर औषधाने काम केलेलं असतं.