डर्बी आणि घोड्याचं वय

एप्सम डर्बी ही इंग्लंडमधली प्रसिद्ध घोड्यांची शर्यत. 1844 च्या डर्बीत रनिंग रेन नावाचा घोडा पहिला आला आणि लगेच वाद पेटला. डर्बी फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. हा तर चार वर्षांचा मॅकाबियस, नाव बदलून उतरवलेला, असा आरोप झाला. एका वर्षाने काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. पण या वयात घोड्याची हाडं अजून भरत असतात, छाती रुंदावत असते. चार वर्षांच्या घोड्यापुढे तीन वर्षांचा म्हणजे अजून पोरच. डर्बी जन्माला आली तीच हा फरक मानून.

त्याआधी इंग्लंडमध्ये पूर्ण वाढलेले, पाच-सहा वर्षांचे घोडे पळत. अंगावर भारी वजन, चार-चार मैलांचं अंतर, आणि तेही एकाच दिवसात पुन्हा पुन्हा. प्रसिद्ध इक्लिप्स 1769 मध्ये पहिल्यांदा शर्यतीत उतरला तेव्हा पाच वर्षांचा होता. म्हणजे मालकाने इतकी वर्षं दाणा-वैरण घालायची आणि घोड्यात दम आहे की नाही हे मग कळायचं. कोवळ्या घोड्यांना हलक्या वजनाने, कमी अंतरावर, एकदाच पळवलं तर निकाल लवकर लागतो. डॉनकास्टरला 1776 मध्ये तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत सुरू झाली, तीच पुढे सेंट लेजर म्हणून ओळखली गेली. 1779 मध्ये एप्समला फिलींसाठी, म्हणजे तरुण घोड्यांच्या माद्यांसाठी, ओक्स ही शर्यत आली. बारावे अर्ल ऑफ डर्बी या उमरावाच्या जवळच्या घराचंच नाव तिला दिलं होतं, आणि पहिली ओक्स त्यांच्याच ब्रिजेट या घोडीने जिंकली.

पुढच्या वर्षीच्या नव्या शर्यतीला अर्लचं नाव द्यायचं की घोडेमालक सर चार्ल्स बनबरींचं, हे नाणं उडवून ठरवलं अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, 4 मे 1780 ला पहिली डर्बी जिंकली बनबरींच्या डायोमेडने. अंतर तेव्हा एक मैल होतं, 1784 पासून ते दीड मैल झालं. डायोमेडची पुढची कहाणी मला फार आवडते. एकविसाव्या वर्षी तो अवघ्या पन्नास गिनींना (गिनी म्हणजे तेव्हाचं इंग्रजी नाणं) विकला गेला आणि अमेरिकेत पोचला. तिथे त्याचा वंश असा फोफावला की पुढचा विख्यात घोडा लेक्सिंग्टन त्याच्याच कुळातला.

रनिंग रेनचं भांडण कोर्टात गेलं. घोड्याचं वय दात सांगतात. अडीचाव्या वर्षाच्या सुमारास पुढचे मधले दुधाचे दात पडून कायमचे येतात, साडेतीनाच्या सुमारास त्यांच्या शेजारचे. त्यामुळे मे महिन्यात तीन आणि चार वर्षांच्या घोड्यांची तोंडं वेगळी दिसतात. न्यायाधीश अल्डरसन यांनी साहजिकच घोडाच समोर आणायला सांगितलं. घोडा गायब झाला होता. मग रनिंग रेनच्या मालकाचा दावा कोसळला आणि दुसऱ्या आलेल्या, कर्नल पील यांच्या ओरलँडोला विजेता ठरवलं गेलं.

त्याच शर्यतीत लिअँडर नावाच्या घोड्याचा पाय मोडला होता, त्याला मारावं लागलं. नंतर त्याचा जबडा तपासला. तोही चार वर्षांचा निघाला.