उत्कंठावर्धक पार्श्वसंगीत

उत्कंठावर्धक पार्श्वसंगीत : पुढे काय होणार, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा करून त्याचे उत्तर लांबवणारे संगीत. मालिका, रिॲलिटी शो, बातमीपट, जाहिराती आणि उत्पादकांचे समाजमाध्यमांवरील व्हिडिओ यांत ते वापरतात. एडिटिंगच्या टेबलावर त्याला ‘सस्पेन्सचा बीजीएम’ (बॅकग्राउंड म्युझिक) किंवा नुसते ‘टेन्शन’ म्हणतात. भीतीच्या प्रसंगात धोका समोर आलेला असतो, उत्कंठेत तो यायचा असतो. म्हणून इथे काय वाजवले यापेक्षा काय रोखून धरले हे जास्त महत्त्वाचे ठरते.

सांगली-साताऱ्याकडे या कलेची मुळे छोट्या पडद्याहून बरीच जुनी आहेत. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले. त्या वळणाच्या पौराणिक नाटकांत राक्षस ‘अलललडुर्र’ अशी आरोळी ठोकत येत, राळेचा भडका उडे आणि मृदंगाच्या बोलांवर पात्रांची ये-जा होई. ही नाटके पुढे ‘अलललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ याच नावांनी ओळखली गेली. नाटकाची ओळख आवाजावरून ठरावी, इतका त्या आवाजाचा वचक होता. आता वाई आणि साताऱ्याच्या आसपास मराठी मालिकांची चित्रीकरणे सर्रास चालतात आणि राळेची जागा कीबोर्डने घेतली आहे.

घटक : ताणाचा पाया म्हणजे एकच लांबवलेला सूर, म्हणजे ड्रोन. त्यावर अर्ध्या सुराच्या अंतरावर दुसरा सूर ठेवला की खरखर सुरू होते. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. त्याच्यावरचा कोमल रिषभ साधारण १४८ हर्ट्झवर येतो. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला नऊएक वेळा कमी-जास्त होतो आणि कानाला स्वस्थता लाभत नाही. मारवा रागात कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर मुक्काम करून षड्ज टाळत राहण्याची रीत आहे. तिचा परिणाम याच जातीचा. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला लावली तर अर्धे काम तिथेच होते.

मिरजेचा तानपुरा या कामाला फार उपयोगी पडतो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उपयोगाचे कारण मात्र जवारीत, म्हणजे तारेच्या झणझणत्या नादात आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित गोलाईने घासलेला असतो. तारेखाली सुताचा जीवा सरकवला की तार घोडीला चाटून वाजते आणि मूळ सुराबरोबर वरच्या उपस्वरांची, म्हणजे त्याच नादात मिसळलेल्या उंच बारीक सुरांची, रास उठते. मोबाईलचा स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच ऐकवत नाही. सिंथेसायझरवरचा ५० हर्ट्झचा भारदस्त गुरगुराट स्टुडिओत छाती हलवतो आणि रीलमध्ये गायब होतो. खर्जाची तार ६९ हर्ट्झची असली तरी तिचे उपस्वर फोनवर पोचतात आणि कान मूळ सूर आपसूक भरून काढतो. तानपुरा नसेल तर खालच्या सुराला थोडे सॅच्युरेशन (उपस्वर वाढवणारी हलकी विकृती) द्यावे, म्हणजे २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो दिसू लागतो.

ड्रोननंतरचा घटक लय. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर, मिनिटाला ६० ठोक्यांच्या गतीला एक ठोका २५ फ्रेमचा, ७५ ला २०, १०० ला १५ आणि १२५ ला १२ फ्रेमचा पडतो. या गती धरल्या की कट ठोक्यावर नेमका बसतो. ११० धरली तर एका ठोक्याला साडेतेराच्या आसपास फ्रेम येतात आणि दर कटला मागेपुढे ओढाताण करावी लागते. सूर किंवा जोर चढत नेणारा ‘रायझर’ सहसा चार किंवा आठ मात्रांच्या पटीत ठेवतात. सूर सतत चढतोय पण पोचत नाही असा भास मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये दाखवून दिला. तो मालिकेतल्या जिन्याच्या शॉटला शोभतो, पण वीस सेकंदांवर ताणला की डोके उठते.

शेवटी येतो फटका, म्हणजे ‘स्टिंगर’. सासू वळते, ढॅण. सून वळते, ढॅण. दारातला तिसरा वळतो, ढॅण. यावर विनोद होतात ते फटक्यामुळे नव्हे, तिन्ही फटके सारखेच असल्यामुळे. पहिला हलका, दुसरा गाळलेला आणि तिसरा पूर्ण जोराचा ठेवला तर तोच प्रसंग अंगावर येतो. हलगीचा एकच कोरडा ठोका इथे उत्तम चालतो. हलगी आधी शेकून घ्यावी. पान सैल असेल तर ठोका थप्प वाजतो, चिरत नाही. घंटेचा टोलही फटक्यासारखा वापरता येतो. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. अशा चर्चच्या घंटांत मूळ सुराबरोबर कोमल गंधारासारखा उपस्वर बहुधा असतोच. टोल आनंदाचा असला तरी उदास वाटतो तो त्यामुळे.

शांतता : फटक्याआधी दहा ते वीस फ्रेम संगीत पूर्ण काढून घ्यावे. मात्र ट्रॅक कोरा ठेवू नये. कोरा ट्रॅक म्हणजे प्रेक्षकाला वाटते टीव्ही बिघडला. त्या जागेची रूम टोन, म्हणजे वाड्याची किर्र, रातकिडे, लांबची बस, खाली चालूच हवी. चित्रीकरणाच्या वेळी सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद ते मिनिटभर ती रेकॉर्ड करायची असते. उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागण्याआधी, पहाटेच हे उरकावे.

मालिकेतील पद्धत : रोजच्या मालिकेला प्रत्येक भागाचे संगीत नव्याने करायला वेळ नसतो. सुरुवातीलाच संगीतकार तुकड्यांचा साठा करून देतो: संशय, पाळत, गौप्यस्फोट, खलनायकाची चाल. एडिटर त्यातून लावत जातो. तुकडे स्टेममध्ये, म्हणजे ड्रोन, ताल, तंतुवाद्ये आणि फटका असे सुटे घ्यावेत. तेवढ्यावर एका तुकड्याचे पाच होतात. संवादाखाली संगीत १२ ते १८ डेसिबलने खाली ठेवतात आणि व्यंजने जिथे कळतात त्या २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ते तीनएक डेसिबलने आणखी कापतात. थरथरत्या व्हायोलिन नेमक्या याच पट्ट्यात बसतात आणि ‘विष’ आणि ‘वीस’ यांतला फरक खाऊन टाकतात. जाहिरातीच्या ब्रेकवर येणारा तुकडा फटक्यानंतर चटकन संपावा, कारण लांबलेली गुंज वाहिनीवर मध्येच कापली जाते.

सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे संगीत आधी सुरू होणे. पात्राला संशय यायच्या आतच ड्रोन लागला तर प्रेक्षक पुढे जाऊन बसतो आणि पात्र मठ्ठ दिसते. प्रेक्षकाला माहीत आहे पण पात्राला नाही, असा प्रसंग असेल तरच आधी लावावे.

उत्पादनाच्या व्हिडिओत : इथे उत्तर द्यावेच लागते. मालिकेत ताण उद्यावर ढकलता येतो; तीस सेकंदांच्या व्हिडिओत तो उत्पादनावर येऊन सुटला नाही तर अस्वस्थपणा मालाला चिकटतो. हळदीचे उदाहरण घ्या. पॉलिशच्या फिरत्या ड्रमचा खडखडाट हाच पहिला ड्रोन. पहिल्या दोन सेकंदांत तो एकटाच, चित्र इतके जवळचे की काय आहे ते कळू नये. मग ७५ च्या गतीचा ठोका, त्यावर कोमल रिषभ, दर चार ठोक्यांना एक थर. विसाव्या सेकंदाच्या सुमारास सगळे बंद, अर्धा सेकंद. ड्रमचे झाकण उघडते, पिवळीजर्द हळकुंडे ओतली जातात आणि तानपुरा षड्ज-पंचमावर मोकळा होतो. नाव त्यानंतर. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांसारख्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांसारख्या जागी तर तोंड उघडण्याआधीच उत्सुकता असते. तिथे संगीत जितके कमी तितके बरे. खाण्याच्या पदार्थाला बेसूर किंचाळी लावू नये: पेढ्यात काहीतरी पडले आहे असेच वाटते.

आवाजाची पातळी माध्यमागणिक बदलते. युरोपीय प्रसारणाच्या मानकात सरासरी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) धरतात. यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचे स्वतःच खाली ओढते. म्हणून शांत भाग आणि फटका यांतले अंतर दाबून सगळे मोठे करण्यात फायदा नाही. फटका दचकवतो तो आधीच्या शांततेमुळे, आणि ती दाबण्यात गेलेली असते.

हक्कांचा प्रश्न तुकडा निवडतानाच सोडवावा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गीत-संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण हे वेगवेगळे हक्क आहेत. व्हिडिओला जोडायला दोन्हींची परवानगी लागते. इन्स्टाग्रामवर गाजणारे गाणे वैयक्तिक खात्याला चालते म्हणून दुकानाच्या जाहिरातीला चालत नाही. लायब्ररीतून घेतलेल्या तुकड्याचा परवाना ऑनलाइनपुरता आहे की टीव्ही आणि पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीलाही आहे, हे वाचून पावती प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवावी. स्थानिक हलगीवाला किंवा तानपुरावादक स्टुडिओत बोलावला असेल तर मानधनासोबत वापराची मुदत आणि माध्यम लेखी ठरवून घ्यावे.