खाणवस्तीचे उपनगर : बेळगाव सीमाभाग

खनिजाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या वस्तीला खाणवस्ती म्हणतात. खाणीच्या तोंडाशी मजुरांच्या चाळी, थोड्या अंतरावर साहेबांचे बंगले, मधे बाजार, आणि खाण चालते तोवर सगळे चालते, असे तिचे रूढ चित्र आहे. कर्नाटकात कोलार गोल्ड फील्ड्स हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे खोल खाणींत हजारो माणसे उतरत. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून तेथवर वीज आली, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्यावर मागे राहिली ती चाळींची रांग आणि सायनाइडयुक्त मातीच्या टेकड्या. बेळगाव आणि आसपासच्या सीमाभागात हे चित्र शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. इथले मुख्य खनिज बॉक्साइट, ज्यातून ॲल्युमिनियम काढतात ते. ते सह्याद्रीच्या माथ्यावर निघते, पण त्याच्या जोरावर वस्ती वाढली ती तिथून दूर, बेळगाव शहराच्या कडेला. खाणीचे गाव खेडेच राहिले आणि उपनगर मात्र कारखान्याला मिळाले.

या फारकतीचे कारण खनिजाच्या जातीत आहे. दख्खनचा काळा पाषाण घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात युगानुयुगे झिजला, त्यातली सिलिका वाहून गेली आणि वर लोह व ॲल्युमिनियमने समृद्ध असा जांभ्याचा थर उरला. या थरातच बॉक्साइटचे पट्टे सापडतात. ते सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारांवर, जमिनीपासून फारसे खोल नसतात. वरची माती व जांभा बाजूला सारला, सुरुंग लावला आणि यंत्राने ट्रक भरला की काम झाले. सोन्याच्या खाणीला लागतात तशी हजारो माणसे इथे लागतच नाहीत. पावसाळ्यात तर काम मंदावते. मोजक्या माणसांसाठी, तेही वर्षातले काही महिने, कोणी गाव वसवत नाही. जिथे पाण्याची, रेल्वेची, विजेची आणि बाजाराची सोय आहे तिथे माल नेणे परवडते.

बेळगावच्या उत्तरेला, पुणे–बंगळूर महामार्गालगत यमनापूर येथे इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना १९६९ च्या सुमारास सुरू झाला. २००० मध्ये ही कंपनी हिंडाल्कोच्या ताब्यात गेली. गावकरी आणि रिक्षावाले अजून ‘इंडाल’च म्हणतात. कच्चा माल प्रामुख्याने कोल्हापूर जिल्ह्यातला. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाड आणि चंदगड तालुक्यातील सडे ही त्याची ठिकाणे. खुद्द बेळगाव तालुक्यातही बोकनूर–नावगे पट्ट्यात बॉक्साइट आहे. साधारण दोन ते तीन टन बॉक्साइटमधून एक टन अल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) मिळतो आणि दोन टन अल्युमिनापासून एक टन धातू. धातू गाळण्याच्या टप्प्याला टनामागे तेरा ते पंधरा हजार युनिट वीज लागते. कर्नाटकाची वीज जवळजवळ सगळी धबधब्यांवर आणि धरणांवर निघत असे तेव्हा हे गणित बसले. पुढे पाऊस कमी पडला की वीजकपात आणि दरवाढ असे चक्र लागले आणि बेळगावचा धातू गाळण्याचा विभाग बंद पडला. अल्युमिना काढण्याचा भाग चालू राहिला.

एरवी एवढ्या मोठ्या विभागाला कुलूप लागले की खाणवस्ती ओस पडते. इथे तसे झाले नाही, आणि सीमाभागाचे वेगळेपण इथेच दिसते. तोवर यमनापूर–काकतीच्या पट्ट्याला जगण्याचे इतर आधार मिळाले होते. काकतीच्या पुढे होनग्याची औद्योगिक वसाहत, शहराच्या दुसऱ्या टोकाला उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशिन शॉप, महामार्गावरचे ढाबे, गॅरेज, गोदामे, कॉलेजे हे सगळे ते आधार. एका कारखान्यावर जगणारे उपनगर हळूहळू रस्त्यावर जगू लागले.

लोकसंख्या : सीमाभागातली बहुतेक वाढ शहराच्या हद्दीबाहेर झाली आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची लोकसंख्या ४ लाख ९० हजारांच्या आसपास होती, तर नागरी समूहाची, म्हणजे शहर आणि त्याला लागून वाढलेल्या वस्त्या धरून, ६ लाख १० हजारांवर. म्हणजे कॅन्टोनमेंट धरून सव्वा लाखाच्या जवळपास माणसे शहरात राहूनही महापालिकेची मतदार नव्हती. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ४२ लाख १५ हजार होती, ती २०११ मध्ये ४७ लाख ८० हजार झाली. दहा वर्षांत साडेतेरा टक्क्यांच्या घरातली ही वाढ गावोगाव सारखी वाटली गेली नाही. पश्चिमेकडची डोंगराळ गावे थबकली, शहरालगतची कंग्राळी, हिंडलगा, काकती, मच्छे, पिरनवाडी ही गावे फुगली. जनगणना खाते अशा गावाला ‘जनगणना नगर’ म्हणते. त्याला पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला निदान चारशे माणसे, आणि कामकरी पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर असावा लागतो. कागदोपत्री ते नगर ठरते, कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. गटार तुंबले की हा फरक लगेच कळतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली, त्यामुळे इथल्या कोणत्याही नियोजनाच्या फायलीत अजून २०११ चेच आकडे असतात.

खाणीच्या बाजूला याच्या उलट दिसते. चंदगड–राधानगरीच्या घाटमाथ्यावरचा तरुण मुंबई, पुणे, गोवा किंवा बेळगाव गाठतो. घरचे पोट भात, नाचणी, काजू आणि बाहेरून येणाऱ्या पैशावर चालते; खाणीच्या पगारावर चालणारी घरे थोडी. चंदगडच्या माणसाला बेळगाव हे कोल्हापूरच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. दवाखाना, लग्नाचा बस्ता, मोटारसायकलचे सुटे भाग, सगळ्यासाठी तो शिनोळीची हद्द ओलांडून येतो. हद्दीच्या पलीकडे महाराष्ट्राने शिनोळीला औद्योगिक क्षेत्र काढले आहे, तेव्हा सकाळच्या वेळी माणसांचा ओघ दोन्ही दिशांनी वाहतो.

घरे : इथल्या उपनगरात घरांचे तीन थर शेजारी शेजारी दिसतात. पहिला थर कंपनीच्या कॉलनीचा. कुंपण, ओळीने क्वार्टर्स, आत झाडे, शाळा, दवाखाना, क्लब, आणि नळाला वेळेवर पाणी. क्वार्टर हुद्द्याप्रमाणे मिळते आणि निवृत्तीला सोडावे लागते. म्हणून कॉलनीतली माणसे नोकरीत असतानाच कुंपणापलीकडे जागा बघून ठेवतात, आणि उपनगर वाढण्याचे खरे इंजिन हीच धडपड आहे असे म्हणता येईल.

दुसरा थर मूळ गावठाणाचा. पश्चिम भागातली जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची आणि कौलारू. खानापूर तालुक्यातल्या चिकणमातीवर कौले, विटा आणि कुंभारकामाचा धंदा पूर्वापार चालत आला. खादी आयोगाची कुंभारकामाची संस्थाही खानापुरातच आहे. खाणकाम म्हटले की आपण धातू आठवतो, पण बेळगावच्या घरांवरचे छप्परही याच जमिनीतून खणून काढलेले होते हे विसरले जाते. कौलांची जागा स्लॅबने घेतल्यावर हा धंदा आटला.

तिसरा आणि सर्वांत मोठा थर प्लॉटांचा. शेतकरी भाताचे रान गुंठ्याच्या हिशेबात विकतो, दलाल ते ‘तीस-चाळीस’च्या (तीस फूट बाय चाळीस फूट) तुकड्यांत पाडतो आणि मधला रस्ता कागदावर राहतो. शेती बिगरशेती केलेली नसली तर त्या जागेला ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणतात. घर उभे राहते, वीजही येते, पण बँक कर्ज देत नाही. ग्रामपंचायत हद्दीतल्या मिळकतींसाठी कर्नाटकाने ‘ई-स्वत्तू’ ही संगणकीय नोंद आणली. तिचे नऊ आणि अकरा नंबरचे फॉर्म हातात आले की मालकाचा जीव भांड्यात पडतो. हे सगळे कागद कन्नडात असतात. मराठी वाचणारा खरेदीदार उतारा हातात धरून कोणाकडून तरी तो वाचून घेतो, आणि या भागात जमिनीचे जे वाद होतात त्यातल्या काहींचे मूळ या उसनवारीच्या वाचनात आहे. सीमाप्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयातला दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केला आणि तो प्रलंबित आहे, पण प्लॉट घेणाऱ्याला निकालापर्यंत थांबता येत नाही.

भाड्याचा बाजारही इथे निराळा. कंत्राटी कामगार, त्यात आता उत्तर भारतातली आणि ओडिशाची मुलेही आली, ओळीने बांधलेल्या एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात. कुटुंबवाला माणूस कर्नाटकात रुळलेल्या ‘लीज’च्या पद्धतीने घर घेतो. एकरकमी मोठी रक्कम घरमालकाला द्यायची, दरमहा भाडे नाही, घर सोडताना रक्कम परत. मालक त्या रकमेत वरचा मजला चढवतो. उपनगरातले अनेक दुसरे मजले असे भाडेकरूच्या पैशावर उभे आहेत.

पाणी, रस्ते आणि महसूल : शहराला पाणी मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपहून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून येते. २००८ च्या सुमारास बेळगावच्या काही प्रभागांत हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याबरोबर चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला आणि तो देशभर गाजला. प्रयोगाच्या सीमेबाहेर, एका गल्लीच्या अंतरावर, लोक आठवड्यातून कधीतरी येणाऱ्या नळाची वाट बघत राहिले. हद्दीबाहेरच्या प्लॉटांना बोअर आणि टँकर हाच आधार. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव लागले, पण तो निधी महापालिकेच्या हद्दीत फिरला. फुगत होती ती हद्दीबाहेरची गावे. रस्त्यांच्या बाबतीत उपनगराची भूक भातशेतीवर चालून जाते. हलगा–मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी केलेला विरोध त्यातूनच आला. बासमतीसाठी नावाजलेली काळी जमीन एकदा डांबराखाली गेली की परत येत नाही.

कारखान्याच्या भोवतालच्या वस्तीचा स्वतःचा प्रश्न लाल चिखलाचा आहे. अल्युमिना काढताना जवळजवळ तेवढ्याच वजनाचा किंवा त्याहून जास्त अल्कधर्मी गाळ उरतो. तो तळ्यांत किंवा ढिगाऱ्यात साठवावा लागतो. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतल्या आयका येथे अशा तळ्याचा बांध फुटून दहा माणसे दगावली, तेव्हापासून जगभर गाळ शक्य तितका कोरडा करून रचण्याकडे कल वाढला. बेळगावचा गाळ आता सिमेंट कारखान्यांकडेही जातो. ढिगाऱ्याजवळच्या प्लॉटची किंमत कमी असते, म्हणून तिथे आधी गरीब येतो.

आता सीमाभागाचा खास पेच. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या (खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या) तीस टक्के आणि लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्यांकडून दहा टक्के रक्कम या निधीत जमा होते आणि ती खाणीने बाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण, रस्त्यांवर खर्चायची असते. निधी खाण ज्या जिल्ह्यात तिथला. म्हणजे दुर्गमानवाडच्या बॉक्साइटचे स्वामित्वधन महाराष्ट्राला आणि निधी कोल्हापूरला. त्याच खनिजाचा गाळ, कारखान्यातल्या नोकऱ्या आणि घरपट्टी बेळगावला. ट्रक दोन्ही राज्यांचे रस्ते वापरतो. दोन्ही बाजूंची गावे मराठी बोलतात, एकमेकांत सोयरिकी करतात, पण एकाच खनिजाचा हिशेब दोन राजधान्यांत होतो आणि त्याची बेरीज कोणी मांडत नाही. राधानगरीचे अभयारण्य आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा यांमुळे घाटमाथ्यावर नवे खाणपट्टे मिळणे अवघड झाले आहे. यमनापूरच्या कारखान्याचे उद्याचे बॉक्साइट कुठून येईल हा प्रश्न म्हणूनच कंपनीपुरता उरत नाही.

दक्षिणेकडची उदाहरणे : उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा, म्हणजे जुन्या सुपे तालुक्यात, मँगनीज आणि लोहाच्या खाणी जंगलात होत्या आणि त्यांच्या आधाराने दांडेलीत फेरोमँगनीजचा (लोह आणि मँगनीजच्या मिश्रधातूचा) कारखाना आला. प्लायवूडचा कारखाना आणि १९५५ मध्ये स्थापन झालेली वेस्ट कोस्ट पेपर मिल यांच्याबरोबर तो वाढला. दांडेली हे एकेकाळी कामगारांचे, मराठी-कोकणी-कन्नड-उर्दू-तेलुगू अशा पाच भाषांत भांडणारे गाव. २००१ च्या जनगणनेत तिथे ५३ हजारांवर माणसे होती, २०११ मध्ये ती ५२ हजारांच्या आसपास राहिली. बेळगावलगतची खेडी त्याच दहा वर्षांत दाटली हे पाहता ही घट बोलकी आहे. कागद गिरणीची बंगूरनगर वसाहत टिकली, फेरोमँगनीज आणि प्लायवूडच्या जागा ओस पडल्या. काळी नदीवरच्या सुपा धरणाने मूळ सुपे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले, विस्थापितांची घरे रामनगरात बसली आणि धरणाच्या कामगारांसाठी गणेशगुडी उभी राहिली. रामनगराच्या पश्चिमेला कॅसलरॉकच्या घाटातून बळ्ळारी–होस्पेटचे लोहखनिज रेल्वेने गोव्यातल्या मुरगाव बंदराला जात असे. आता त्याच रुळांवरून उलट दिशेने कोळसा वर चढतो. गाडी कोणत्याही दिशेने गेली तरी वाटेवरच्या गावांच्या वाट्याला फाटक तेवढे येते.

२०१५ मध्ये काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळालेल्या या जंगलात खाणी परतण्याची शक्यता उरलेली नाही. दांडेली आणि गणेशगुडीत आता राफ्टिंग आणि होमस्टे यांचा धंदा आहे, शनिवार-रविवारी पुण्या-बंगळुराच्या गाड्यांची रांग लागते. लाकूड आणि खनिज ओढण्यासाठी टाकलेल्या अळणावर–दांडेली मार्गावर प्रवासी गाडी कित्येक वर्षे बंद होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती दांडेलीजवळच्या अंबेवाडीपर्यंत पुन्हा सोडण्यात आली, तेव्हा स्थानकावर फुले घेऊन आलेल्यांत निवृत्त गिरणी कामगारांच्या वयाची माणसे जास्त आणि रोज गाडीने कामावर जावे लागणारी कमी, असे होणे स्वाभाविकच होते.