गोल्फ कार्ट डावीकडे वळते तेव्हा

अमेरिकेतल्या निवृत्तांच्या मोठ्या वसाहतींमध्ये गोल्फ कार्ट हेच रोजचं वाहन झालं आहे. फ्लोरिडातल्या 'द व्हिलेजेस'मध्ये कार्ट चालवता येतील अशा वाटांचं जाळं १०० मैलांहून (१६० किलोमीटर) मोठं आहे. काही ठिकाणी रस्त्याखालून बोगदे काढले आहेत, आणि एका महामार्गावरून जायला कार्टसाठी वेगळा पूलही आहे. किराणा, दवाखाना, पोहण्याचा तलाव, संध्याकाळचा कार्यक्रम, सगळीकडे माणसं कार्टनेच जातात. ती हळू चालते, आवाज करत नाही आणि चालवायला दोन पॅडल पुरतात, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. तिथेच गफलत होते.

कार्टच्या अपघाताचा विषय निघाला की डोळ्यांपुढे मोटारीची धडक येते. प्रत्यक्षात कशालाही न धडकता माणसं गंभीर जखमी होतात, कारण ती चालत्या कार्टमधून बाहेर फेकली जातात. कार्टला दारं नसतात, सीट गुळगुळीत असते, आणि गोल्फच्या मैदानासाठी बनवलेल्या कार्टना बहुधा सीट बेल्टही नसतात. त्यामुळे इथे सावध चालवण्याची सुरुवात दुसऱ्या वाहनांपासून नाही, आपल्या स्टीअरिंगपासून होते.

थोडं गणित करू. ताशी २० मैल म्हणजे ताशी ३२ किलोमीटर, सेकंदाला जवळपास ९ मीटर. या वेगाने १० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर बसलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूला जाणवणारा रेटा त्याच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के होतो. ७० किलोच्या माणसाला जणू ५६ किलोंनी कुणी बाजूला ओढतं. तेच वळण ताशी १० मैलांनी घेतलं तर हा रेटा १४ किलोंवर येतो. रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून वेग निम्मा केला की तो चौथाईवर उतरतो. पण त्रिज्याही महत्त्वाची आहे. स्टीअरिंग पूर्ण फिरवून तीनेक मीटर त्रिज्येत यू-टर्न घेतला, तर ताशी १० मैलांनाही रेटा वजनाच्या दोनतृतीयांशावर जातो. यू-टर्न चालण्याच्या वेगानेच घ्यायचा तो यासाठी.

अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि शेजारचा प्रवासी उजवीकडे. कार्ट डावीकडे वळली की प्रवाशाचं शरीर उजवीकडे, म्हणजे उघड्या बाजूला सरकतं. चालकाच्या हातात स्टीअरिंग असतं आणि वळण कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे तो नकळत सावरून बसतो. प्रवासी मात्र गप्पा मारत असतो, मांडीवरची पिशवी धरून असतो, किंवा फोन बघत असतो. सीटच्या कडेला एक बुटका दांडा असतो खरा, पण तो कमरेच्या उंचीचा. छाती आणि डोकं त्याच्या बरंच वर असल्याने जोराच्या रेट्यात शरीर त्याच दांड्यावरून कलंडतं आणि माणूस डोक्यावर पडतो. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर धरलं, तर खाली पोहोचेपर्यंत ते ताशी १९ किलोमीटरचा वेग घेतं, आणि त्यात कार्टच्या वेगाचा हिशोब धरलेलाच नाही. खाली डांबर किंवा काँक्रीट असतं.

म्हणून वळण येण्याआधी, कार्ट सरळ जात असतानाच वेग कमी करायचा. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, ब्रेक हलका दाबा, शेजारच्याला 'डावीकडे वळतोय' असं मोठ्याने सांगा, आणि मगच दोन्ही हातांनी स्टीअरिंग सावकाश फिरवा. वळणाच्या मध्यावर पोहोचल्यावर वेग जास्त वाटला तर उशीर झालेला असतो. तिथे जोरात ब्रेक दाबला तर मागची चाकं घसरतात, आणि स्टीअरिंग आणखी ओढलं तर रेटा वाढतो. प्रवाशाने दोन्ही पाय कार्टच्या तळावर सपाट ठेवावेत, एक हात दांड्यावर ठेवावा, आणि पाय बाहेर कधीच काढू नये. पुढच्या चाकाजवळ लोंबता पाय कडेच्या दगडाला अडकला की घोट्याचं हाड मोडतं.

कार्ट उलटण्याचं गणितही याच जातीचं आहे. दोन चाकांमधलं अंतर ९० सेंटिमीटर आणि माणसांसकट गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंचीवर धरला, तर वजनाच्या साधारण ७० टक्के इतक्या आडव्या रेट्याला आतली चाकं उचलली जाऊ लागतात. मोठी चाकं आणि उंची वाढवणारा किट बसवून तीच कार्ट १५ सेंटिमीटर उंच केली की ही मर्यादा ५६ टक्क्यांवर घसरते. मोटरची वेगमर्यादा काढून टाकणं आणि कार्ट उंच करणं हे दोन बदल एकत्र करू नयेत, आणि वसाहतीत चालवायच्या कार्टमध्ये तर एकही करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सीट बेल्टबद्दल एक शंका नेहमी निघते: कार्ट उलटली तर बेल्टमुळे अडकून चिरडले जाऊ ना? शंका अगदीच निराधार नाही. कार्टचं छप्पर ऊन-पावसासाठी असतं, उलटल्यावर वजन पेलायला नसतं. तरीही बेल्ट लावलेलाच बरा. उडी मारून वाचायला लागणारा वेळ कार्ट देत नाही, आणि पूर्ण उलटण्याच्या कितीतरी आधी, साध्या झटक्याच्या वळणात माणूस बाहेर जाऊ शकतो. बेल्ट बसवायचा तर तो सीटच्या लाकडी फळीला न अडकवता चासीला बोल्टने घट्ट बसवून घ्या, नाहीतर झटक्यात फळीसकट उखडून येईल.

मागे तोंड करून बसायच्या सीटकडे वेगळं लक्ष द्यायला हवं. तिथे बसलेल्यांना कार्ट पुढे निघताना येणारा धक्का सीटबाहेरच ढकलतो. नातवंडं भेटीला आली की त्यांना तीच जागा आवडते, पण लहान मुलांचे पाय पायफळीला टेकत नाहीत आणि टेकू नसला की ती सरळ पुढे घसरतात. पाय टेकत नसतील तर मुलाला मागे बसवू नये, मांडीवरही घेऊ नये. मागे कुणी असेल तेव्हा अॅक्सिलरेटर बोटभर दाबून सुरुवात करायची.

आता ब्रेक. बहुतेक गोल्फ कार्टना फक्त मागच्या चाकांवर ड्रम ब्रेक असतात. सपाट रस्त्यावर ते पुरतात. उतारावर मात्र ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकांवर सरकतं आणि मागची चाकं हलकी होतात. ब्रेक मागेच असल्याने नेमकी हलकी झालेली चाकं अडतात, घसरतात, आणि कार्टचं शेपूट एका बाजूला फिरतं. रस्ता ओला असेल, पानं पडली असतील किंवा रंगाचे पट्टे असतील तर हे आणखी लवकर होतं. त्यामुळे उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून ठेवा, खाली जाताना ब्रेक हलका पण सतत दाबा, आणि उताराच्या पायथ्याशी वळण असेल तर वरूनच चालण्याच्या वेगाने निघा. चाकं घसरू लागली तर ब्रेक थोडा सोडा. चाकं फिरू लागली की कार्ट पुन्हा सरळ होते.

नव्या विजेच्या कार्टमध्ये उतारावर मोटर स्वतःच वेग रोखून धरते. जुन्या सीरिज मोटरच्या कार्टमध्ये ती सोय नसते आणि उतारावर वेग ठरलेल्या मर्यादेच्या पुढे जातो. सीटखाली 'टो' (कार्ट ओढून नेण्यासाठी) आणि 'रन' (चालवण्यासाठी) असं बटण असेल तर चालवताना ते नेहमी 'रन'वरच हवं. 'टो'वर मोटर मोकळी फिरते आणि वेग धरून ठेवायला काही उरत नाही. पेट्रोलच्या कार्टने न्यूट्रलमध्ये उतार उतरण्याचा परिणामही तोच.

थांबायला किती अंतर लागतं, तेही पाहू. समोर काही आलं हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अमेरिकेत रस्त्यांची आखणी करताना २.५ सेकंद धरतात. ताशी २० मैलांना तेवढ्यात कार्ट २२ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर मध्यम ब्रेकने थांबायला आणखी सुमारे १३ मीटर, आणि १० टक्के उतारावर जवळपास २०. म्हणजे एकूण ३५ ते ४२ मीटर. पुढच्या कार्टपासून निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं: ती एखाद्या खांबापाशी पोहोचली की मोजायला सुरुवात करा, आपण तिथे तीन मोजण्याआधी पोहोचलो तर फार जवळ आहोत. पायी चालणारे आणि सायकलवाले असलेल्या वाटेवर मागून जाताना आधी आवाज द्या. विजेच्या कार्टची चाहूल त्यांना लागत नाही, आणि ऐकू कमी येणारी माणसं दचकून भलत्याच बाजूला वळतात. बोगद्यात शिरताना उन्हातून सावलीत गेलेल्या डोळ्यांना काही क्षण अंधारच दिसतो, म्हणून तोंडाशीच वेग कमी करून हेडलाइट लावावा.

मोठा रस्ता ओलांडणं हा सगळ्यात कठीण प्रसंग. कार्ट सावकाश वेग घेते. १२ मीटर रुंद रस्ता उभ्या स्थितीतून, कार्टच्या लांबीसकट ओलांडायला साधारण साडेपाच सेकंद लागतात असं धरू. तेवढ्यात ताशी ४५ मैलांनी येणारी मोटार ११० मीटर अंतर कापते. मोटारीत बसून आयुष्यभर वापरलेला 'मिळेल एवढी फट' हा अंदाज कार्टमध्ये लागू पडत नाही. शिवाय वय वाढतं तसं समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग ओळखणं अवघड जातं. वाहन दूर आहे हे दिसतं, पण ते किती झपाट्याने जवळ येतंय हे कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजू दोनदा पाहणं आणि शंका असेल तर ती फट सोडणं. सिग्नल किंवा बोगदा असलेली वाट अर्धा मैल लांब पडली तरी तीच घ्या. डावीकडे वळताना समोरून येणाऱ्या रांगेला छेद द्यावा लागतो. तिथे तीन उजवी वळणं घेऊन त्याच दिशेला लागणं पुष्कळदा शक्य असतं, आणि उजव्या वळणात प्रवासीही बाहेर न जाता चालकाकडे झुकतो.

मागून येणाऱ्या मोटारीला कार्ट उशिरा दिसते, कारण ती बुटकी आणि अरुंद असते, आणि तिचा संथ वेग मागच्याच्या अपेक्षेत बसत नाही. ताशी ४५ मैलांची मोटार ताशी २० मैलांच्या कार्टपासून १०० मीटर मागे असेल तर नऊ सेकंदांत तिच्यापाशी पोहोचते. इंडिकेटर वळणाच्या बऱ्याच आधी द्या, सोबत हातानेही खूण करा, आणि वळण झाल्यावर तो बंद झाला का ते बघा. अनेक कार्टमध्ये तो आपोआप बंद होत नाही, आणि चालू राहिलेला इंडिकेटर समोरच्याला खोटी माहिती देत राहतो. मान पूर्ण वळत नसेल तर मधला रुंद आरसा आणि दोन्ही बाजूंचे आरसे बसवून घ्यावेत.

साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. संध्याकाळची कार्ट म्हणून दुपारच्यापेक्षा निराळी चालवावी लागते. औषधांकडेही लक्ष हवं. डायफेनहायड्रामिनसारखी अॅलर्जीची जुनी गोळी गुंगी आणते. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा अंमल दुसऱ्या सकाळीही गाडी चालवण्यावर राहू शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली स्त्रियांसाठी तिचा सुचवलेला डोस निम्मा केला. मद्य पिऊन कार्ट चालवली तर फ्लोरिडात मोटारीसारखाच गुन्हा लागतो.

कायद्यात एक फरक पक्का लक्षात ठेवावा. फ्लोरिडात ताशी २० मैलांच्या पुढे जाऊ न शकणारी ती गोल्फ कार्ट. मोटरमध्ये फेरफार करून ती पुढे गेली की कायद्याच्या नजरेत ती 'लो-स्पीड व्हेइकल' होते. मग तिला नोंदणी, विमा, सीट बेल्ट, विंडशील्ड, दिवे सगळं लागतं. नातवंडांच्या हाती किल्ली देण्याआधी हेही बघा: १ ऑक्टोबर २०२३ पासून सार्वजनिक रस्त्यावर कार्ट चालवायला १८ वर्षांखालच्यांना लर्नर परमिट किंवा लायसन्स आणि मोठ्यांना सरकारी फोटो ओळखपत्र जवळ लागतं.

कार्ट उभी करताना पार्किंग ब्रेक खटका बसेपर्यंत दाबा, स्विच बंद करा, किल्ली काढा. अनेक मॉडेलमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की पार्किंग ब्रेक आपोआप सुटतो. म्हणजे स्विच चालू ठेवून खाली उतरलात आणि पिशवी किंवा कुत्रा पॅडलवर पडला, तर कार्ट चालू लागते. महिन्यातून एकदा कार्ट चढावर उभी करून हा पार्किंग ब्रेक धरतो का ते तपासा. ब्रेकचं पॅडल पूर्वीपेक्षा खोल जात असेल तर केबल ताणलेली किंवा लायनिंग झिजलेलं असतं. लेड-अॅसिड बॅटऱ्या मोकळ्या हवेत चार्ज करा, कारण त्यातून निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटतो.

आणि कुणी कार्टमधून पडलंच, तर 'काही झालं नाही' यावर विसंबू नका. त्यांना लगेच उठवून बसवू नका, मान हलू देऊ नका, ९११ ला फोन करा. वॉर्फरिन किंवा अॅपिक्साबॅनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस बोलत-चालत असला तरी रुग्णालयात न्या. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनीही जाणवू शकतो, आणि औषधाचं नाव व शेवटची गोळी कधी घेतली हे कळलं की डॉक्टरांना उतारा लगेच ठरवता येतो. ही दोन्ही माहिती कागदावर लिहून कार्टच्या कप्प्यात ठेवलेली असावी.