रोड बाइक, लेथ आणि उलटे आटे : ठाण्यातल्या घरगुती हत्यारांची पार्श्वभूमी

आमच्या गॅलरीत बिस्किटांच्या जुन्या डब्यात १२ मिमीचा हातभर थ्रेडेड रॉड आहे, दोन नट, चार जाड वॉशर आणि पायरी दिलेले नायलॉनचे दोन बुश, म्हणजे लेथवर उतरवलेले गोल तुकडे. हा माझा हेडसेट प्रेस. हँडलखालच्या नळीत बेअरिंगचे कप दोन्ही बाजूंनी सरळ दाबून बसवायला तो लागतो. गेल्या पावसाळ्यात एका स्टीलच्या फ्रेमवर मी माझी रोड बाइक, म्हणजे पातळ टायरची वेगवान सायकल, घरीच बांधली. येऊरच्या चढावर भेटणाऱ्या मंडळींनी कौतुक केलं, पण बहुतेकांना तो पैसे वाचवायचा जुगाड वाटला. हा समज मला खटकतो. सायकलच्या कामात कितीतरी हत्यारं आधी कारागिराच्या हातून उतरली आणि नंतर कारखान्यात बनू लागली. ठाण्यात तर या गोष्टीला स्वतःचा इतिहास आहे.

सुरुवात आट्यांपासून करावी लागते. पेडलच्या दांड्यांचा, म्हणजे क्रँकचा, एक्सल ज्या नळीत फिरतो तो बॉटम ब्रॅकेट. माझ्या फ्रेमवर त्याचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४, आणि नळी ६८ मिमी रुंद. जगभर यांना बीएसए आटे म्हणतात. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली बंदुकांच्या कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. एका बंदुकीचा भाग दुसरीत चपखल बसलाच पाहिजे, या शिस्तीत वाढलेला कारखाना पुढे सायकलच्या भागांकडे वळला. त्यांचे भाग इतक्या सायकलींवर चढले की त्यांचं माप हेच सगळ्यांचं माप झालं. इटलीने मात्र ३६ मिमीचा व्यास आणि ७० मिमीची नळी ठेवली.

शाळेत माझ्याकडे बीएसएचीच लेडीज सायकल होती. ते नाव बंदुकांच्या कारखान्याचं आहे आणि तेच नाव आट्यांनाही आहे, हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

बीएसएच्या मापात उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, म्हणजे तो डावीकडे फिरवला की कसला जातो. पेडलच्या सततच्या भाराखाली हा कप फिरत्या एक्सलच्या विरुद्ध दिशेने कणाकणाने सरकू पाहतो. आटे सुलटे असतील तर तो सैल होतो, उलटे असतील तर आणखी कसला जातो. इटालियन मापात दोन्ही बाजूंना सुलटे आटे, म्हणून तिथे उजवा कप फार घट्ट आवळावा लागतो. डाव्या पेडललाही उलटे आटे असतात, त्याचंही कारण असंच. हे माहीत नसल्यामुळे किती फ्रेमींचे आटे मेले असतील! पान्हा हातात घ्यायच्या आधी हे समजणं मला कुठल्याही महागड्या हत्यारापेक्षा मोलाचं वाटतं.

आपल्याकडची मोठ्या चाकांची काळी सायकल याच इंग्रजी मापांवर उभी राहिली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली चेन्नईजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियान्यात हीरो सायकल्स सुरू झाली. सायकल दुकानात सुट्या भागांत यायची आणि दुकानदार ती जोडायचा. सीट कुठली, कॅरिअर कुठला, डायनामो हवा की नको, चेनकव्हर पूर्ण की अर्धं, हे गिऱ्हाईक उभं राहून ठरवायचं. मग नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि सायकल घरची व्हायची. म्हणजे आपल्या पसंतीने सायकल बांधून घेणं आपल्याला नवं नाही.

ती सायकल दुरुस्तीसाठीही मोठी समजूतदार होती. क्रँकला कॉटर पिन, बेअरिंगला सुटे छर्रे, बाकी सगळं दोन-तीन पान्ह्यांत उघडणारं. झाडाखाली बसणारा मिस्त्री बॉटम ब्रॅकेटची रिंग छिन्नी-हातोडीने फिरवायचा. चाकाचा आऊट, म्हणजे डोलणं, काढायला त्याला स्टँड लागत नसे. सायकल उलटी करायची, चाक धरणाऱ्या चिमट्याजवळ खडू धरायचा, रिम जिथे खडूला लागेल तिथल्या तारा कसायच्या किंवा सोडायच्या. जाड स्टीलला हे सगळं चालतं. पुढे पातळ अ‍ॅल्युमिनियमचे कप आले आणि छिन्नीचा एक घाव महागात पडू लागला. माझ्या आधीच्या सायकलचा हेडसेट एका दुकानात लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने ठोकला होता. कप तिरका बसला आणि वर्षभर हँडल मधोमध अडकत राहिलं. प्रेस स्वतः बनवायचं मी तेव्हाच ठरवलं.

असं ठरवणारे आधीही होऊन गेले आहेत. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान काढलं. सायकलीच्या दुकानातून सुरू झालेली ती वाट लोखंडी नांगरापर्यंत आणि १९१० साली किर्लोस्करवाडीपर्यंत गेली. जवळपास त्याच काळात अमेरिकेतल्या डेटनमध्ये राइट बंधू १८९६पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली विकत होते. त्यांच्या वर्कशॉपमधला लेथ आणि ड्रिल ज्या इंजिनावर चालत, ते इंजिनही त्यांनीच बनवलं होतं. आज जगभरच्या सायकल वर्कशॉपमध्ये दिसणाऱ्या निळ्या मुठींच्या हत्यारांची पार्क टूल कंपनी १९६३ साली निघाली, तीही अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या दोन सायकल दुकानदारांनी. वाकून वाकून पाठ धरायची, म्हणून त्यांनी सायकल उंचावर धरणारा स्टँड आपल्याच दुकानासाठी बनवला. कंपनी त्या स्टँडमधून उभी राहिली.

भारतात मात्र अशी खास हत्यारं फार उशिरा पोचली. परदेशी रोड बाइकच दुर्मीळ होती, मग तिची हत्यारं कोण आणणार? आर्थिक उदारीकरण १९९१चं, पण ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची संख्येची बंधनं पूर्ण उठली ती १ एप्रिल २००१ला. त्यानंतर ड्रॉप हँडलच्या, म्हणजे खाली वळलेल्या हँडलच्या, सायकली नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर आणि ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर पहाटे दिसू लागल्या. सायकली आल्या, भाग आले, हत्यारं मागे राहिली. वर्षातून एकदा लागणाऱ्या प्रेससाठी इतके पैसे कोण घालणार, हा हिशेब दुकानदारही करतो.

ही उणीव ठाण्यात भरून निघते ती वागळे इस्टेटमुळे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालं आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत इथे उभी राहिली. नंबर दिलेल्या रस्त्यांवर मोठे कारखाने, आणि त्यांना जॉबवर्क करून देणारे असंख्य छोटे गाळे. एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, दोन माणसं. सावरकरनगर, लोकमान्यनगर या शेजारच्या वस्त्यांत घरोघरी टर्नर आणि फिटर. आज त्या रस्त्यांवर काचेच्या इमारती दिसतात, कारखान्यांचे भोंगे गेले. पण ज्यांच्या हातात मायक्रोमीटर तीस-तीस वर्षं होता ती माणसं अजून आपल्या शेजारी राहतात, हे आपण विसरतो.

आमच्या मजल्यावरचे काका असेच निवृत्त टर्नर. बुशचं रेखाटन घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

"काका, नुसत्या वॉशरने नाही का चालणार?"

"अगं, वॉशर डोलतो. कप वाकडा जाईल. बुशला पायरी दे म्हणजे तो आपोआप मध्ये राहील. आणि दाब कपाच्या काठावर येऊ दे, बेअरिंगच्या जागेवर नको."

बाजारातल्या महागड्या प्रेसचं सगळं शास्त्र या चार वाक्यांत आहे. कप नळीपेक्षा केवळ दशांश मिलिमीटरच्या आसपास मोठा असतो आणि तेवढ्या घट्टपणावरच तो टिकतो. काकांनी ओळखीच्या गाळ्यात बसून बुश उतरवून दिले. जुना कप काढायचं हत्यार आणखी सोपं : नळीच्या तुकड्याला एका टोकाला हॅक्सॉने चार चिरा द्यायच्या, पाकळ्या फाकवायच्या, आतून कपाच्या कडेला टेकवून ठोकायचं. चाकाचा आऊट काढायला मी जुना चिमटा वाइसमध्ये उलटा धरला आणि खडूच्या जागी दोन बोल्ट बसवले. झाडाखालच्या मिस्त्रीचीच पद्धत, फक्त बोल्ट थरथरत नाही.

गिअरच्या हँगरचा, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला ज्यावर लटकतो त्या तुकड्याचा, प्रश्न वेगळा. १९८४ साली सायकलचे भाग बनवणाऱ्या जपानी शिमानो कंपनीने आपल्या ड्युरा-एस या रोड बाइकच्या संचावर एका टिचकीत एक गिअर बदलणारी पद्धत आणली. तोपर्यंत लिव्हर अंदाजाने सरकवावा लागे आणि हँगर थोडा वाकलेला असला तरी हात सांभाळून घेई. टिचकी आली आणि दोन मिलिमीटरचा वाकही बोलू लागला. तो तपासायचं हत्यार महाग आहे, पण हँगरचे आटे १० मिमी, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी. क्विक रिलीजच्या, म्हणजे लिव्हरने सुटणाऱ्या, मागच्या चाकाच्या हबच्या एक्सलवरही नेमके तेच आटे असतात. म्हणून तसंच दुसरं मागचं चाक त्याच्या एक्सलने सरळ हँगरमध्ये फिरवायचं आणि ते सायकलच्या चाकाला समांतर आहे का, हे पट्टीने चार ठिकाणी मोजायचं. समांतर नसेल तर तेच चाक धरून हँगर हळूहळू सरळ करायचा. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मला झोप आली नाही.

नव्या सायकलींत हे सगळं इतकं सोपं राहिलेलं नाही. कॅननडेल या अमेरिकन सायकल कंपनीने २००० साली बीबी३० नावाचं बॉटम ब्रॅकेट आणलं. त्यात आटेच नाहीत, ४२ मिमीचं बेअरिंग थेट फ्रेममध्ये दाबायचं. फ्रेमची नळी किंचित चुकली की सायकल कुरकुरते, आणि ती कुरकुर घालवायला कुठलाही बुश पुरत नाही. त्या त्रासाला कंटाळून काही फ्रेमकारांनी टी४७ नावाचे ४७ मिमी व्यासाचे, १ मिमी पिचचे आटे काढले आणि रुंद नळीसुद्धा पुन्हा आट्यांवर आली.

मित्राच्या फ्रेमचा टी४७ कप मी काकांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, पिच गेज टेकवला आणि विचारलं, "उजवीकडे उलटेच आटे आहेत ना?"

उलटेच होते.